पाऊस चोरणारा साव

या आठवड्यात आमच्याकडं रातची लाईन हाये. म्हणजे थ्री फेज येते रात्री साडेबाराच्या पुढं, अन् हरभऱ्याचं ओलीत करायचं तर वावरात जागंच राहावं लागते, वरून रानडुकरं हायेतच. मंग मी मचाणावर बसतो, एका कानात इअरफोन, दुसरा कान मोटरकडं, अन् मोबाईलवर वन पीस, जपानी ॲनिमे म्हणजे कार्टून मालिका. तिसऱ्यांदा पाहून रायलो, अलाबास्टाचा भाग.

निमित्त झालं माझ्या चुलतभावाचं. तो अमरावतीले शिकते, त्यानं ग्रुपवर यादी टाकली, सगळ्यात डेंजर व्हिलन कोणते म्हणून, अन् सगळे शिंगवाले, दहा फुटी, डोळे लाल. मी म्हटलं काऊन बे, ज्याले पाहून लोकं पळतात तो कायचा डेंजर, पळायले टाईम तरी भेटते. ज्याले पाहून बाया दारात रांगोळी टाकतात त्याले भ्या. तो म्हणे उदाहरण दे. तर हे घ्या.

क्रोकोडाईल. ज्यायनं वन पीस पाहिलं नाही त्यायच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलाबास्टा नावाचा वाळवंटी देश हाये, तिथं तीन वर्षं पाऊस नाही, फक्त राजधानीत तेवढा पडते. आता हे पाहून लोकायले काय वाटन? राजानंच पाऊस चोरला. डान्स पावडर नावाची एक बंदी असलेली भुकटी हाये, तिचा धूर केला की ढग येळेआधीच पडतात, म्हणजे शेजारच्या गावाचा पाऊस तुमच्या गावात, अन् ती भुकटी राजाच्या नावावर सापडते. हे सगळं करणारा क्रोकोडाईल, त्याची गुपचूप टोळी हाये, बरोक वर्क्स. एवढंच नाही, राजाचं रूप घेणारा एक माणूस पाठवून भर गावात त्याच्या तोंडून कबूलही करवून घेते की हो, पाऊस मीच चोरला. अन् वरून हाच क्रोकोडाईल समुद्री चाचे गावात घुसले की येऊन त्यायले संपवते, लोकं त्याच्या नावानं ओरडतात, पोरं नाचतात. सरकारमान्य चाचा हाये तो, परवाना असलेला. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोरगा होतो, मले लुफीच्या, म्हणजे वन पीसच्या हिरोच्या, मारामारीत इंटरेस्ट. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्या टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीवर येऊन अडकलो, मोबाईल उलटा ठेवला अन् बराच वेळ नुसता बसून रायलो.

आमच्या पंचक्रोशीत एक भाऊ हाये, नाव नाही घेत. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरातच पाण्याची बोंब होती, तिथं आमच्या गावाले कोण विचारते. सरकारी विहीर मार्चमध्येच आटली. तेव्हा या भाऊनं रोजचे दोन टँकर सुरू केले, फुकट, टँकरवर हात जोडलेला त्याचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात जलदूत. बाया हंडे-गुंड घेऊन लाईनीत, म्हातारे त्याले हात जोडून रायले. मी तेव्हा बारावीत. अन् लाजेची गोष्ट अशी की त्याचा व्हिडिओ मीच बनवला. स्लो मोशनमध्ये टँकर येते, धूळ उडते, मागं म्युझिक, पाण्याची धार, म्हातारीचा चेहरा. सगळ्या गावाच्या स्टेटसले होता तो. बक्षीस म्हणून त्यानं मले इअरफोन दिला.

दोन वर्षांनी कळलं का विहीर एवढ्या लवकर काऊन आटली. विहिरीपासून शंभर-दीडशे पावलांवर त्याच्या संत्र्याच्या बागेत त्यानं दोन खोल बोअर मारले होते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याजवळ ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय असं खोदता येत नाही, १९९३ पासूनचा कायदा हाये, पण तो वाचते कोण. अन् टँकर कुठून भरायचा? त्याच बोअरवरून. म्हणजे आमच्याच विहिरीचं पाणी, मधात त्याचा फोटो.

माय आजही म्हणते, काही म्हण बाप्पा, पाणी पाजलं त्यानं. अन् ते खोटं नाही ना. पाणी खरंच होतं. आम्ही प्यालोच.

चुलतभाऊ म्हणे मंग ऐझेन घे ना यादीत, ब्लीचमधला. चष्मेवाला, गोड बोलणारा कॅप्टन, स्वतःच्या मरणाचं नाटक करते, अन् शेवटी चष्मा फोडून केस मागं सारते. सीन भारी हाये, नाही म्हणत नाही. पण त्यात सगळी हुशारी त्याची एकट्याची, बाकीच्यायनं नुसता विश्वास ठेवला. मले ते मॅजिक शो सारखं वाटते.

डेथ नोटचा लाईट यागामी मात्र वेगळा मामला. त्याले एक वही भेटते, तिच्यात ज्याचं नाव लिहिलं तो मरते, अन् लोकं त्या मारणाऱ्याले किरा म्हणतात. ३७ एपिसोड, २००६ चं ॲनिमे. क्रोकोडाईलले निदान माहीत असते का आपण खोटं बोलून रायलो. लाईटले वाटते तोच न्याय. बरं सुरुवात पाहा, पहिला मरते तो पोरायले ओलीस धरणारा, आपणही मनात म्हणतो बरं झालं. अन् दुसऱ्याच एपिसोडमध्ये एक जण टीव्हीवर येऊन किराले फक्त वाईट म्हणते, तर लाईट त्याले मारून टाकते. त्याचा गुन्हा काय, लाईटले माहीतही नाही. मंग एफबीआयचे १२ जण. त्यातल्या एकाची होणारी बायकोही, अन् तिनं तर कोणाचं काहीच बिघडवलं नव्हतं. पण प्रेक्षक म्हणून मी कुठवर त्याच्या बाजूनं होतो माहीत हाये का? लय पुढवर. ते सांगायले मले आवडत नाही.

फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूडमध्ये कॉर्नेलो नावाचा एक बाबा हाये, चमत्कार दाखवते, रोझ नावाच्या पोरीले म्हणते तुझा मेलेला माणूस परत आणून देतो. एडवर्ड, म्हणजे त्यातला हिरो, माईक सुरू ठेवून त्याच्याच तोंडून सगळं वदवते अन् आख्खं गाव ऐकते. मले वाटलं आपल्या देवळाच्या भोंग्यावर एकदा असं व्हावं. पण पुढं काय होते, कॉर्नेलोचा चेहरा घेऊन दुसराच कोणी उभा राहते अन् लोकं परत त्याच चेहऱ्याच्या मागं.

काल आबाजी जागलीले आले होते. मी क्रोकोडाईलच्या टाळ्यावाल्या सीनवर, ते बाजूनं डोकावले.

"हा कोन रे?"

"ओळखा आबाजी."

"येवढा चांगला हाये म्हनजे हाच करून रायला अशीन सारं."

मी उडालोच. म्हटलं तुमाले मंग २०१८ ले काऊन नाही समजलं? ते काही बोलले नाही, बिडी पेटवली. मंग लय वेळानं म्हणाले, "तहान लागली होती ना बाबू."

त्यानंतर त्यायनंच फोन मागितला. पडद्यावर युबा गाव, वाळूत गेलेलं, तिथं तोतो नावाचा म्हातारा रातभर वाळू उकरून रायला पाण्यासाठी. तेच पाणी तो बाटलीत भरून लुफीले देते, अन् त्याच पाण्यानं क्रोकोडाईलचं गुपित फुटते. एरवी तो अंगाची वाळू करून मार चुकवते, पण ओलं झालं की त्याची वाळू होत नाही. आबाजीले जपानी समजत नाही अन् खालचं इंग्लिशही नाही, पण म्हातारा उकरून रायला हे समजलं. फोन डोळ्याजवळ धरून पाहत होते.

"लागलं का पानी मंग त्याले?"

"बाटलीभर."

"बरं हाये," म्हणाले, अन् तेवढ्यात मोटरचा आवाज बसला. पावणेचार. स्प्रिंकलरचे दोन पाईप बदलायचे बाकीच होते.