पाय मुरडण्याची कला

फिनलंडला आल्यावर पहिल्याच महिन्यात आईला फोनवर सांगितलं, "आज दुपारी पाय खाल्ला." पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "कुणाचा?"

आमच्या घरी रविवारचं मटण ठरलेलं, त्यामुळे विचारण्यात धक्का वगैरे नव्हता, नुसती चौकशी होती. मी समजावायला गेलो. "अगं, पाय म्हणजे मैद्याची पारी, आत सारण, वरून पुन्हा पारी, आणि तळायचं नाही, भट्टीत भाजायचं." "म्हणजे भाजलेली करंजी," आई म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

तेव्हा हसू आलं होतं. अख्ख्या खंडाचं शेकडो वर्षांचं खाणं तिने दोन शब्दांत डब्यात भरून ठेवलं, असं वाटलं. आता सहा वर्षं इथे काढल्यावर वाटतं, ती निम्मी बरोबर होती. पारी, सारण, मोहन, मुरड, साटा असा शब्दसाठा जिच्याकडे तयार आहे, तिला युरोपातला कुठलाही पाय समजायला पाच मिनिटं पुरतात. तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावून, पोळ्यांची गुंडाळी करून, तुकडे पाडून पुन्हा लाटायचं, म्हणजे तळताना पदर सुटतात. फ्रेंच लोक हेच लोणी घालून, घड्या घालून करतात आणि त्याचा केवढा बोलबाला!

निम्मी चूक कुठे होती, तर आपली पारी पहिल्यापासून खाण्यासाठीच होती. त्यांची तशी नव्हती.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये पायच्या कवचाला 'कॉफिन' म्हणत. होय, तोच शब्द. तेव्हा त्याचा अर्थ पेटी किंवा टोपली एवढाच होता, माणसं त्यात नंतर गेली. पीठ आणि पाणी घट्ट मळून जाड भिंतींची पेटी उभी करायची, त्यात मांस भरायचं, झाकण लावायचं आणि भाजायचं. साच्याचं भांडं नको, कारण पेटी हेच भांडं. भाजून झालं की वरच्या भोकातून वितळलेलं लोणी किंवा चरबी ओतायची, म्हणजे आत हवा उरत नाही आणि मांस टिकतं. लोणच्यावर तेलाचा थर राहायला हवा म्हणून आजी बरणीत डोकावायची, तीच ही अक्कल. मेल्टन मोब्रे नावाच्या गावाच्या डुकराच्या मांसाच्या पायमध्ये आजही भाजल्यानंतर भोकातून हाडांचा रस ओततात. तो आत जेलीसारखा गोठतो. मी एकदा खाल्ला. पारी उत्तम. जेलीबद्दल मी काही बोलणार नाही, त्या गावच्या लोकांच्या भावना जपायला हव्यात.

म्हणजे पाय हा मुळात पदार्थ नव्हे, डबा. आणि डबा म्हटला की तो कुणाचा, हा प्रश्न आलाच.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे कथिल आणि तांब्याच्या खाणी होत्या, आणि खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या हातात पेस्टी असायची. अर्धगोल आकार, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळसर कंद, आणि कडेला दोरखंडासारखी जाड मुरड. बायको पेस्टीच्या एका कोपऱ्यावर नवऱ्याच्या नावाची अक्षरं पिठाने उठवायची. अर्धी खाऊन ठेवली तरी उरलेली कुणाची याचा वाद नको. लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून आणणाऱ्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. आमच्या घरी अजून एक पातेलं आहे, ज्यावर कधीही न भेटलेल्या कुणा 'चि. सौ. कां.'चं नाव आहे. ते आमच्याकडे कसं आलं हे कोणी सांगत नाही.

त्या जाड मुरडीविषयी एक गोष्ट पर्यटकांना हमखास ऐकवतात. कथिलाच्या खाणीत आर्सेनिक असतं, हात धुवायला पाणी नाही, म्हणून कामगार मुरडीला धरून पेस्टी खायचे आणि शेवटी मुरड फेकून द्यायचे. ती फेकलेली मुरड खाणीतल्या 'नॉकर' नावाच्या खोडकर भुतांना पोचायची. गोष्ट छान आहे, पण मला पटत नाही. दिवसभर खडक फोडणारा माणूस भाजलेलं पीठ फेकून देईल? जुन्या छायाचित्रांत खाणकामगार पेस्टी कापडाच्या पिशवीत किंवा कागदात धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालेले दिसतात. भुतांना फार तर चुरा मिळत असेल.

खाणी मंदावल्या तशी ही माणसं जगभर गेली आणि पेस्टी बरोबर नेली. मेक्सिकोच्या हिदाल्गो राज्यातल्या रेआल देल मोंते या गावी कॉर्निश कामगार १८२० च्या दशकात चांदीच्या खाणींसाठी पोचले. तिथे आज तिला 'पास्ते' म्हणतात, आणि आत मोले नावाचा तिथला मिरचीचा घट्ट रस्सा असतो, घेवडा असतो, अननससुद्धा असतो. इकडे कॉर्नवॉलमध्ये मात्र गाजर घातलं तरी लोक दुखावतात. २०११ साली युरोपीय संघाने 'कॉर्निश पेस्टी' या नावाला संरक्षण दिलं. ती कॉर्नवॉलमध्येच बनायला हवी, सारण कच्चंच भरायला हवं, गोमांस किमान १२.५ टक्के हवं, आणि मुरड कडेलाच हवी, डोक्यावर नको. मुरड कुठे घालायची याचा कायदा! माझ्या आत्याला कळलं तर ती ब्रसेल्सला अभिनंदनाचं पत्र पाठवेल.

जाता जाता एक. पुण्यातल्या बेकरीत आपण जे पॅटिस घेतो, त्यामागचा इंग्रजी 'पॅटी' हा शब्द आणि ही 'पेस्टी' एकाच जुन्या फ्रेंच घराण्यातल्या. आणि स्पेनच्या 'एम्पानाडा'मध्ये, गोव्यात सणाला होणाऱ्या चिमुकल्या 'एम्पादिन्या'मध्ये जो मधला 'पा' आहे, तो पावाचाच, ज्या पोर्तुगीज पावाने आपल्याला वडा दिला नाही तरी वड्याला घर दिलं. 'एम्पानार' म्हणजे पावात गुंडाळणे. नातं लांबचं असलं तरी आडनाव एकच.

बोस्नियातल्या साराएव्होला गेलो होतो तेव्हा मी मोठी चूक केली. बुरेक म्हणजे पातळ पारीत सारण गुंडाळून भाजलेला तिथला पदार्थ. त्याच्या दुकानात शिरलो, ज्याला ते बुरेगजिनित्सा म्हणतात, आणि रुबाबात "चीजचा बुरेक" मागितला. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. पुरणपोळीला 'स्टफ्ड पराठा' म्हणणाऱ्याकडे आपण जसं पाहू, अगदी तसं. मग त्याने शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बुरेक फक्त मांसाचा. चीजची ती सिर्नित्सा, पालक-चीजची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोंपिरुशा, आणि या सगळ्यांचं मिळून नाव 'पिता'. शेजारच्या सर्बियात आणि क्रोएशियात 'चीजचा बुरेक' बिनदिक्कत म्हणतात, आणि बोस्नियन माणसाला तो शब्द आजही टोचतो. मी सिर्नित्सा घेतली, बरोबर पातळ दही घेतलं आणि मान खाली घालून खाल्लं. फारच चांगलं होतं.

त्या पारीसाठी टेबलावर चादर अंथरतात आणि मळलेला गोळा हातांनी ताणत ताणत टेबलभर पसरवतात, इतका पातळ की खालच्या चादरीची नक्षी दिसावी. मग सारण पसरून गुंडाळी आणि गुंडाळीचं वेटोळं. जुन्या पद्धतीत तबकावर 'साच' नावाचं धातूचं झाकण ठेवून त्यावर निखारे रचतात. ते पाहताना मला खानदेशातली मांडे करणारी बाई आठवली, दोन्ही हातांवर पुरणाची पोळी फिरवत मोठी करणारी आणि पालथ्या खापरावर टाकणारी. मनातले मांडे खाण्यात आयुष्य गेलं, खरे दोनदाच खाल्ले.

गोड पायांचं माझ्याशी तितकंसं जमत नाही, ते थोडक्यात उरकतो. ऑस्ट्रियातल्या लिंट्सर टॉर्टची १६५३ सालची लिहिलेली कृती तिथल्या अ‍ॅडमाँट मठाच्या ग्रंथालयात आहे. वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी, खाली लाल आंबट मुरंबा. जाळीतून मुरंबा डोकावतो ते मला आवडतं. फ्रान्समधल्या तार्त तातँची गोष्ट अशी की हॉटेल चालवणाऱ्या दोन तातँ बहिणींपैकी एकीकडून सफरचंदं करपत आली, तिने वरून पारी टाकली आणि सगळं उलटं काढलं. त्या भागात उलटे पाय आधीपासूनच होत असत, त्यामुळे करपण्याची गोष्ट मागाहून चिकटली असावी. करपलेलं खपवायला चांगली गोष्ट लागते, हे मी सहा वर्षं स्वतःचा स्वयंपाक करून शिकलो आहे. इंग्रजांच्या नाताळातला मिन्स पाय मात्र फसवा. पूर्वी त्यात खरोखर मांसाचा खिमा असे, मनुका, दालचिनी, लवंग, जायफळ घालून. हळूहळू मांस गेलं, गोड राहिलं. पण जुन्या रीतीने केलेल्यात गाईबैलांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी अजूनही असते. माझ्या एका शुद्ध शाकाहारी मित्राने चार खाल्ले, मग डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. त्या संध्याकाळी तो कुणाशी बोलला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

माझ्या मजल्यावर एक ऐंशी ओलांडलेली बाई राहते. मनातल्या मनात मी तिला आजी म्हणतो. समोर नावाने हाक मारावी लागते, इथे सगळेच मारतात, आणि माझ्या जिभेला ते अजून जड जातं. एका हिवाळ्यात तिच्याकडून भाजल्या पिठाचा वास आला, आणि लिफ्टपाशी मी तसं म्हणालो. पुढच्या शनिवारी बोलावणं आलं.

ती करीत होती करेलियन पाय, 'कार्यालानपीराक्का'. पारी राय नावाच्या धान्याच्या पिठाची. हे पीठ काळसर, ताणलं की तुटणारं, ज्वारीच्या स्वभावाचं. सारण म्हणजे दुधात आटवून घट्ट केलेला, फक्त मिठाचा भात. मुळात सातूची लापशी असायची, तांदूळ दुकानातून नंतर आला, त्या थंडीत तो पिकणार कसा? पारी कागदासारखी पातळ लाटायची, मध्ये भात, दोन्ही बाजू आत वळवून अंगठा आणि तर्जनीने चुण्या घालायच्या, मधलं पोट उघडं ठेवायचं. तयार झालेला आकार थेट तळपायाचा. गौरीच्या वेळी दारापासून देवघरापर्यंत उमटवतात त्या पावलांची एक ओळ ट्रेमध्ये मांडल्यासारखी. आईला सांगायला हवं होतं, खराखुरा पाय हाच.

भट्टी अतिशय कडक तापवायची. बाहेर काढले की वितळलेलं लोणी आणि दूध पुसायचं आणि वरून फडकं झाकायचं, पोळ्यांवर झाकतो तसं, म्हणजे कडक पारी मऊ पडते. खाताना वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून घालायचं.

तिने माझ्या हातात लाटणं दिलं आणि मी बघतच राहिलो. बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, आपल्याच पोळीचं! नाव 'पुलिक्का'. मी लाटायला लागलो आणि पारी लाटण्याखाली आपसूक गोल फिरायला लागली. पोळ्या मी इथे येऊन, नाइलाजाने शिकलो होतो. आजीने चष्मा वर केला आणि तीन वेळा तेच पुन्हा करून दाखवायला लावलं. सहा वर्षांत या देशात माझं एवढं कौतुक कुणी केलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच.

तिचं घराणं करेलियाचं. दुसऱ्या महायुद्धात तो भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून जास्त माणसं घरं सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये विखुरली. १९४० मध्ये निघाली, मध्यंतरी बरीचशी परतली, १९४४ मध्ये कायमची निघाली. तेव्हा आजी तीन वर्षांची होती. तिला तिकडचं काही आठवत नाही. करेलियन पाय मात्र आज हेलसिंकीच्या कुठल्याही दुकानात मिळतो, उल्हासनगरच्या छावण्यांतून दाल-पकवान बाहेर पडलं तसा. मला वाटलं होतं की लाटणंही तिकडचं असेल, गाठोड्यात बांधून आणलेलं. मी भावुक होऊन विचारलं. "छे," ती म्हणाली, "आईचं तिकडेच राहिलं. हे मी बाजारातून आणलं." आणि माझ्याकडून भाताचं पातेलं ओढून घेतलं.

या पायलाही २००३ पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे. ठरलेल्या रीतीने केला नाही तर त्याला करेलियन म्हणता येत नाही, दुकानवाले मग 'राइसपाय' अशा अर्थाचं नाव लावून विकतात. आजीला त्या नियमांशी घेणंदेणं नाही. तिच्या आईला म्हणे पायची मुरड बघून कळायचं, कुठल्या घरातून आलाय ते.

लहानपणी दिवाळीत मला मुरडीला कधी बसू दिलं नाही. "तू नारळ खवून दे," एवढंच. आत्या आणि आई परातीच्या दोन बाजूंना बसायच्या आणि तळल्यावरसुद्धा कुठली करंजी कुणाची ते सांगायच्या. आत्याची मुरड बारीक आणि घट्ट, आईची ऐसपैस. माझ्या हातात फार तर कातणं यायचं.

आजीकडे मी चार शनिवार मुरड घातली. पहिल्या खेपेचे सगळे भट्टीत उलगडले आणि भात ट्रेभर सांडला. आमच्या घरी तोंड उघडलेल्या करंजीला 'हसली' म्हणतात. ते मी मोडक्या फिनिशमध्ये आजीला सांगितलं, तर ती ट्रेकडे बघून म्हणाली, "हे बरेच आनंदात आहेत." चौथ्या शनिवारी बारापैकी नऊ टिकले.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "अखेर पाय मुरडला!"

फोटो चढायला वेळ लागला, अक्षरं आधी पोचली. मामाचं उत्तर आलं, "कुठला? डावा की उजवा?" मग आत्याचं, "आंबेहळदीचा लेप लाव, दोन दिवस जिने चढू नकोस." मग चुलतभावाने बर्फाचं चित्र टाकलं. तेवढ्यात फोटो पोचला असावा, कारण ग्रुप एकदम गप्प झाला. बऱ्याच वेळाने आईचा निरोप आला.

"कडेची मुरड जरा मोकळी पडली आहे."