चोडणची मानस

“या बेटावर बघण्यासारखं काय आहे?” आज गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत एका पर्यटकाने विचारलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “आमची मानस बघ, बाबा.”

ना देऊळ, ना किनारा. मानस! खाजन शेतीच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या नदीकाठच्या सखल शेतीच्या, बांधातलं लाकडी दार. भरतीला नदीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. ओहोटीला तिथेच जाळं लावलं की सुंगटां (कोळंबी), मासे मिळतात.

पण जपावं लागतं. कुर्ल्या (खेकडे) बांधात बिळं करतात. वेळीच चिखल भरून ती बुजवली नाहीत तर बिळातून पाणी झिरपतं, बांध खचतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. जास्त मासळीसाठी भरतीत दार उघडं ठेवलं तरी तेच. खारेपणा सोसणारं कोरगुट भातही शेवटी पावसानं मीठ धुऊन निघाल्यावरच पेरतात. शेतात सतत खारं पाणी राहिलं तर तेही टिकत नाही.

आजींना हे सगळं ठाऊक असणार, म्हणून तर “आमची” म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

तुमच्या गावची मानस आता कोण सांभाळतं?