कॅनीचा दुसरा तास

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात रोमला जेमतेम दोन पानं होती आणि रोमशी लढणाऱ्या हॅनिबलला, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सेनापतीला, एक ओळ. सरांनी त्या एका ओळीवर दोन तास घेतले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी तेच आठवले.

पहिला तास लढाईचा. इ. स. पू. २१६, दक्षिण इटलीत ऑफिडस नदीकाठचं कॅनी. रोमचं सैन्य ८० हजारांच्या वर, हॅनिबलचं ५० हजारांच्या आसपास. सरांनी निळ्या खडूने रोमनांचा जाड चौकोन काढला, समोर तांबड्याने हॅनिबलची फळी. ही फळी मधोमध पुढे फुगलेली. मध्ये गॉल आणि स्पेनचे शिपाई, दोन्ही टोकांना आफ्रिकेचं कसलेलं पायदळ. रोमन पुढे सरकले की सर तो फुगवटा बोटाने पुसायचे आणि थोडा मागे काढायचे. असं करता करता फळी आत वाकली आणि निळा चौकोन त्या खोबणीत शिरला. मग टोकाच्या आफ्रिकी तुकड्या आत वळल्या आणि रोमन घोडदळाला पिटाळून आलेल्या स्वारांनी मागची वाट बंद केली. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशेबाने ४८ हजारांवर रोमन पडले. कॉन्सुल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, पॉलसही त्यातच गेला. वर्गात कुणीतरी पानिपतचं नाव काढलंच. "त्याकडे येऊ. आधी रोमने पुढे काय केलं ते बघा," सर म्हणाले.

दुसरा तास मला जास्त मोलाचा वाटतो. एवढा मार खाऊनही रोमने तह केला नाही. हॅनिबलच्या दूताला शहरात पाऊलही टाकू दिलं नाही. शोक ३० दिवसांत आवरायचा हुकूम निघाला. ८ हजार गुलाम सरकारी पैशाने विकत घेऊन सैन्यात भरती केले. हॅनिबलचा सगळा डाव रोमचे मित्र फोडण्यावर होता. कापुआ फुटलं, दक्षिणेतली आणखी शहरं फुटली, पण मध्य इटली हलली नाही. तिथेच त्याचं घोडं अडलं. लढाईबद्दल काहीही वाचताना आधी तिच्यानंतरचे महिने शोधायचे, ही सवय मला सरांमुळे लागली आणि मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

कॅनीतून जिवंत सुटलेल्या शिपायांना मात्र सिनेटने, रोमच्या कारभारी सभेने, माफ केलं नाही. त्यांना सिसिलीत धाडलं, युद्ध संपेपर्यंत घरी यायची बंदी घातली. त्यांना पुन्हा हाताशी धरलं रोमन सेनापती स्किपिओने; तो स्वतः कॅनीतून वाचलेला. इ. स. पू. २०४ मध्ये तो त्यांना घेऊन आफ्रिकेत उतरला आणि २०२ मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबल हरला. सेनापती म्हणून मी आजही हॅनिबललाच वर ठेवतो. पण चौदा वर्षं कलंक सोसून त्याच माणसासमोर पुन्हा उभं राहिलेल्या त्या शिपायांबद्दल मला स्किपिओपेक्षाही जास्त आदर वाटतो.