पिल्लांच्या पायाखाली काय घालायचं?

कोंबडीची पिल्लं आणायची ठरली की लोक विचारतात, बल्ब किती वॅटचा लावू? ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवतात त्या बंदिस्त जागेत, खाली काय घालू, हे सहसा कुणी विचारत नाही. मी विषय काढला तर उत्तर ठरलेलं असतं, ‘रद्दी पेपर आहेत की घरात!’

नुसत्या पेपरला माझा ठाम विरोध आहे. एक दिवसाचं पिल्लू पेपरवर ठेवून जरा वाकून बघा. ते उठायला बघतं, नखं पेपरवर खरखर करतात, पण पकड काही मिळत नाही. एक पाय बाजूला घसरतो, मग दुसरा. त्या वयात सांधे आणि स्नायू इतके कोवळे असतात की हे सारखं होत राहिलं तर पाय कायमचे फाकतात. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आलं तर दोन्ही पायांना मऊ पट्टी सैलसर बांधून, मध्ये उभं राहण्यापुरतं अंतर ठेवून, पिल्लू सावरतं. उशीर झाला की कठीण. त्यात पाणी सांडलं तर पेपर आणखीच निसरडा.

माझी पसंती लाकडाच्या भुशाला, पण रंधा मारताना निघतात त्या पातळ, कुरळ्या सालींना. करवतीखालची बारीक पूड नको. ती नाकातोंडात जाते आणि पिल्लं दाणा समजून खातातही. उग्र वासाचं लाकूडही टाळा. सीडरसारख्या लाकडातली तेलं कोंदट जागेत श्वासाला त्रास देतात. फर्निचरच्या कारखान्यातून भुसा आणत असाल तर त्यात रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड नाही ना, हे आधी विचारा आणि गोणी ओतताना त्यातून लोहचुंबक फिरवा. खिळे, पिना निघतात!

साली नाही मिळाल्या तर भाताचं तूस चालतं. हलकं असतं, सहज पसरतं, फक्त ओल कमी शोषतं, त्यामुळे पाण्याच्या भांड्याभोवती जास्त लक्ष द्यावं लागतं. पेंढा मला पटत नाही. लांब काड्या पायाखाली सरकतात. आणि कुठल्याही मालाला बुरशीचा वास आला तर परत पाठवा, फुकट मिळाला तरी. बुरशीची बीजं पिल्लांच्या फुप्फुसात जातात आणि मग औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

थर पाच ते सात सेंटिमीटर. जमीन सिमेंटची आणि हवा थंड असेल तर याहून जाड घाला. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच भुसा पसरून बल्ब लावून ठेवते मी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पण हवा गरम आणि भुशाची गादी गार असेल तर पिल्लू पायाकडून गारठतं. तळहात भुशावर टेकवून बघायचा, एवढं सोपं आहे.

पहिले दोन-तीन दिवस भुशावर गोणपाट अंथरते, म्हणजे दाणा कुठला आणि भुसा कुठला हे त्यांना कळेपर्यंत चोचीत भलतंच जात नाही. गोणपाटाच्या कडा आत दुमडून घ्या, नाहीतर सुटलेले धागे बोटांना गुंडाळतात. शिवाय रोज बदला.

यानंतरची खरी लढाई ओलीशी. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं की निम्मं काम होतं. मूठभर भुसा घट्ट दाबून सोडा. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर फार ओला, हातातून नुसती धूळ उडाली तर फार कोरडा. दाबल्यावर किंचित चिकटून लगेच मोकळा झाला की ठीक. ओल्या, उबदार गादीत कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात, म्हणजे रक्ती हगवणीला आमंत्रणच. म्हणून ओला भाग दिसला की तेवढा उचलून टाकायचा. वर कोरडा भुसा घालून झाकायचा नाही.

अमोनियाचा वास उभ्याने घेऊ नका. गुडघे टेकून नाक पिल्लांच्या उंचीवर न्या. तिथे डोळे चुरचुरले तर वरच्या बाजूने वारा खेळता ठेवा आणि गादी बदला. त्यावर चुना भुरभुरायचा सल्ला हमखास मिळतो. पिल्लं आत असताना ते नको, पाय भाजतात. रिकामा ब्रूडर धुऊन वाळवल्यावर लावा हवा तेवढा, आणि पुढच्या बॅचला भुसा नवाच घ्या. जुना खताच्या खड्ड्यात.