सोम्यूरचा सुरवंट आणि बाबांचं टोचन

बाबा तीन महिन्यांसाठी पॅरिसला आले होते. आयफेल टॉवर एका संध्याकाळी उरकला, लूव्रमध्ये दुसऱ्या तासाला त्यांचे गुडघे बोलायला लागले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला संगमरवरी पुतळे किती दाखवणार? म्हणून लोआर नदीकाठच्या सोम्यूर गावातलं चिलखती वाहनांचं संग्रहालय गाठायचं ठरवलं.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून आंजे शहरापर्यंत टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे, साधारण दीड तास. तिथून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत सोम्यूर. पहिली चूक इथेच झाली. स्टेशन नदीच्या उत्तरेला आणि संग्रहालय दक्षिणेला, गावाच्या पार पलीकडच्या टोकाला. मी नकाशा न बघता 'चालत जाऊ' म्हणालो. मध्ये बेट, म्हणून पूलही दोन. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर टॅक्सी आधी ठरवून ठेवा, रविवारी तर नक्कीच.

तरी त्या चालण्यात एक गोष्ट मिळाली. पहिल्या पुलाला 'कादे'चं, म्हणजे घोडदळ शाळेतल्या विद्यार्थी सैनिकांचं नाव आहे. १७ जून १९४० ला फ्रान्सचे पंतप्रधान पेतां यांनी रेडिओवर लढाई थांबवण्याची भाषा केली आणि दुसऱ्याच रात्रीपासून, १८ ते २० जून, कर्नल मिशाँच्या हाताखाली या पोरांनी चाळीसेक किलोमीटरचा नदीकाठ धरून ठेवला. समोर जर्मनांची अख्खी घोडदळ डिव्हिजन. या पोरांकडे होत्या शिकण्यासाठीच्या बंदुका, थोड्या उखळी तोफा आणि २५ मिमीच्या मोजक्या रणगाडाविरोधी तोफा. पकडलेल्या पोरांना जर्मन सेनापतीने नंतर सोडून दिलं. बाबा पुलाच्या कठड्याला टेकून नदीकडे बघत म्हणाले, "पाणी कमीच दिसतंय रे." त्यांचं लक्ष नेहमी असल्या गोष्टींकडे.

संग्रहालय १९७७ चं. आता ते तंबाखूच्या जुन्या कारखान्यात आहे. संग्रहात आठशेच्या वर वाहनं, पण मांडलेली साधारण दोनशे. लोक किंग टायगर या अवजड जर्मन रणगाड्यापाशी गर्दी करतात. करू द्या. आम्ही शोधत होतो रेनॉ यूई.

हे वाहन पहिल्यांदा दिसतं तेव्हा हसू येतं. लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास, वजन अडीच टनांहून थोडं जास्त, उंची माणसाच्या छातीपर्यंत. आत दोनच माणसं, मध्ये इंजिन, आणि दोघांच्या डोक्यावर पालथ्या वाटीसारखी एकेक लोखंडी टोपी. फ्रेंच लोक याला 'शेनियेट' म्हणतात, म्हणजे छोटा सुरवंट. ३८ अश्वशक्ती, वेग जास्तीत जास्त तासाला ३० किलोमीटर, बंदूक नाही, रेडिओ नाही. पाच हजारांवर बनवले. दारूगोळा आणि रसद पायदळाच्या पुढच्या रांगेपर्यंत न्यायची आणि २५ मिमीची तोफ मागे जोडून ओढायची, एवढंच काम.

बाबा वाहनाच्या पुढे थांबलेच नाहीत. सरळ मागे जाऊन वाकले, हात पाठीमागे बांधून. हात लावायचा नाही हे मी तीनदा सांगितलं होतं.

"टोचन करताना पुढच्या गाडीचं कोण बघतं? मागच्याचं बघायचं," ते म्हणाले. मग उसाच्या ट्रॉलीची गोष्ट आली. चढावर दांडीतली पिन निसटून ट्रॉली उलटी घरंगळली होती. ट्रॅक्टर नवा कोरा, पिन मात्र कुठून तरी उचललेली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्या दिवशी ती नेमकी जागी बसली. कारण सुरवंटामागच्या २५ मिमीच्या तोफेचं दुखणं तेच. वजन जेमतेम पावणेपाचशे-पाचशे किलो, सुरवंटाला ते काहीच नाही. पण तिचा गाडा, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, नाजूक. ब्रिटिशांना १९३९-४० मध्ये स्वतःच्या टू-पाउंडर रणगाडाविरोधी तोफा कमी पडल्या, म्हणून त्यांनी फ्रेंचांकडून या तोफा घेतल्या. मोटारीमागे ओढल्यावर गाडा टिकेना. शेवटी त्यांनी तोफा ट्रकच्या पाठीवर चढवून न्यायला सुरुवात केली.

मग सुरवंट कशाला? असं मीही विचारलं. ट्रक रस्ता संपला की थांबतो, घोडा गोळी लागली की पडतो. हे ठेंगणं वाहन नांगरलेल्या शेतातून जातं, आणि त्याचा ९ मिमी पत्रा रायफलच्या साध्या गोळ्या बऱ्यापैकी अडवतो. १९४० मध्ये जर्मनांच्या हाती असे हजारो सुरवंट लागले. त्यांनी ते भंगारात काढले नाहीत, स्वतःच्या ३७ मिमीच्या रणगाडाविरोधी तोफा जोडून वापरले. ज्याचं त्याच्यावरच उलटलं, पण मेकॅनिकच्या नजरेने याहून मोठं प्रमाणपत्र नसेल.

जाणाऱ्यांसाठी थोडं. चार तास हाताशी ठेवा, दोन तासांत फक्त दमछाक होते. मांडणी बदलत असते, म्हणून हवं ते वाहन सध्या दालनात आहे का हे काउंटरवर आधी विचारा. मोबाइलवर भाषांतराचं ॲप असू द्या. जुलैत वाहनं प्रत्यक्ष चालवून दाखवतात तो कार्यक्रम असतो. तो साधायचा असेल तर राहायची सोय फार आधी करा, तो टाळायचा असेल तर जूनचा पूर्वार्ध बरा. आणि हॉलभर फरशीवर उभं राहावं लागतं, तेव्हा बूट मऊ घाला. बाबांनी कोल्हापुरी घातली होती आणि पाय दुखतायत हे संध्याकाळपर्यंत मान्य केलं नाही.

परतीची लोकल आमची पाच मिनिटांनी हुकली. पुढचीला वेळ होता. आंजेची टीजीव्ही जोडून काढली असेल तर मध्ये तासभर मोकळा ठेवा. फलाटावर सांगलीचं भडंग निघालं. बाबांनी तिकिटाच्या मागे टोचनच्या पिनचं चित्र काढलं, तिच्या टोकाला ती निसटू नये म्हणून लावतात ती क्लिप रेखाटली आणि म्हणाले, "तिथे क्लिप दिसली का तुला? मला नाही दिसली."