क्लाउडचा सहावा आठवडा: केळीच्या पावत्या आणि अडकलेलं लॅम्बडा

ॲमेझॉनचा क्लाउड, एडब्ल्यूएस, शिकतोय त्याचा हा सहावा आठवडा. १४ वर्षं जावा लिहितोय, त्यामुळे कोडची धास्ती नव्हती. या आठवड्यात दोन संध्याकाळी गेल्या त्या नेटवर्कपायी.

प्रकल्प तोच, केळीच्या पावत्यांचा. रावेरला चुलतभाऊ केळी करतो. माल भरला की काट्याची पावती मिळते, तिचा फोटो तो मोबाइलवरून चढवतो. फोटो मुंबई रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये (फायलींच्या साठ्यात) पडला की लॅम्बडा, म्हणजे गरजेपुरतंच चालणारं छोटं फंक्शन, सुरू होतं, फोटो वाचतं आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नोंद करतं. डेटाबेस आरडीएसवर (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा), प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या इंटरनेटशी थेट जोड नसलेल्या भागात. तिथवर पोचता यावं म्हणून लॅम्बडालाही त्याच व्हीपीसीत, म्हणजे माझ्या खासगी नेटवर्कात, बसवलं, आणि गाडी अडली.

रात्री भावाचा फोन, "दादा, पावती चढलीच नाही का?"

लॉगमध्ये फक्त टाइमआउट. लॅम्बडाची मुदत मूळची ३ सेकंदांची होती, ती ३० केली. ३० सेकंदांनी पुन्हा तेच. मी आयएएमची (परवानग्यांची) पॉलिसी ओळन् ओळ तपासत बसलो, आणि चुकलो तिथंच. परवानगी नसती तर ‘ॲक्सेस डिनाइड’ लगेच आलं असतं. इथं नकारही नव्हता, होकारही नव्हता; म्हणजे रस्ताच नव्हता. व्हीपीसीत गेलेल्या लॅम्बडाला बाहेरची वाट आपोआप मिळत नाही, आणि फोटो जिथं आहे ते एस-थ्री त्याच्या दृष्टीनं बाहेरच. नॅट गेटवे (खासगी नेटवर्कातून इंटरनेटवर जायचं दार) लावता येतो, पण त्याचं मीटर काम असो नसो तासाला फिरतं. त्याऐवजी एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट (इंटरनेटवर न जाता थेट एस-थ्रीपर्यंतची वाट) बनवून सबनेटच्या रूट टेबलला, म्हणजे वाटांच्या यादीला, जोडला. त्याचं वेगळं भाडं नाही. पुढचा फोटो सेकंदाच्या आत वाचला गेला!

मग दुसरी गाठ. भावानं फाइलला ‘रावेर पावती’ असं मराठी नाव दिलेलं. एस-थ्री लॅम्बडाला जी सूचना पाठवतं त्या इव्हेंटमध्ये ते नाव यूआरएल-एन्कोड होऊन येतं: मराठी अक्षरांच्या जागी टक्क्यांच्या खुणांची माळ, मोकळ्या जागेत अधिकचं चिन्ह. डीकोड न करता तेच नाव मागितलं तर फाइल सापडत नाही. आपल्याकडची माणसं फायलींना मराठी नावं देणारच, आणि द्यावीतच. तेव्हा डीकोडची ओळ पहिल्याच दिवशी लिहा.

जुना अनुभव कामी आला तो एका ठिकाणी. एस-थ्रीचा एकच इव्हेंट क्वचित दोनदा येऊ शकतो. म्हणून टेबलात फाइलच्या नावावर युनिक कन्स्ट्रेंट (तेच नाव दुसऱ्यांदा नोंदवू न देणारी अट) सुरुवातीलाच घातला होता. एका गाडीचं वजन दोनदा धरलं तर हिशेब कोण निस्तरणार?

आता हे सगळं कन्सोलवर क्लिक करून उभं केलेलं पाडणार आणि टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लिकऐवजी कोड लिहून, पुन्हा उभं करणार. रूट टेबलपासून सुरुवात.