मेस्ताची काठी

मास्तरांची बीटल माझ्या डिचोलीच्या शेडमध्ये आली तेव्हा मृगाचा पाऊस लागला होता. 1959 सालची फोक्सवॅगन, त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमलात घेतलेली. गेली कित्येक वर्षं ती घराच्या सोप्याशेजारी डावी कूस पावसाकडे करून उभी. वरून रंग बरा दिसत होता. मागची सीट काढली आणि बॅटरीखालचा पत्रा हातात आला. ॲसिडने खाल्लेला, बिस्किटासारखा.

बीटलमध्ये सगळा भार खालच्या चॅसीवर. मधोमध बोगद्यासारखा कणा, दोन्ही बाजूंना सपाट पत्रा. इंजिन, चाकं, गिअर सगळं त्यालाच. वरची बॉडी म्हणजे नुसतं कवच, कडेकडेने बोल्टांनी आवळलेलं. बोल्ट सोडले, स्टिअरिंगचा जोड, स्पीडोमीटरची केबल, ब्रेक ऑइलची नळी आणि वायरी मोकळ्या केल्या की सहाजण मिळून ती उचलू शकतात. आम्ही तेच केलं. बोल्ट मात्र सरळ सुटले नाहीत. निम्मे ग्राइंडरने कापले, त्यातच दोन दिवस गेले.

माझी चूक त्यानंतरची. दरवाजे जड म्हणून आधीच काढून भिंतीला लावून ठेवले होते. बॉडी उचलली आणि दोन घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या स्टँडवर ठेवली, एक पुढे, एक मागे. मध्ये काही नाही. पोरं म्हणाली, "छान बसली." मलाही छानच वाटलं.

आता बीटलच्या दरवाजाखालून एक पोकळ पेटी जाते, आमच्यात तिला चॅनेल म्हणतात. इंजिनावर तापलेली हवा त्यातून पुढे केबिनमध्ये यायची. जर्मनीत ती ऊब नेते, आमच्याकडे ओल धरते. गोव्यात हीटर कोण लावणार? पण दरवाजाच्या पुढच्या आणि मागच्या खांबाला खालून धरून ठेवणारी तीच. मास्तरांच्या गाडीची डावी चॅनेल आतून गंजून चाळण झाली होती, आणि ते मला ठाऊक होतं. तरीही मी तिच्या भरवशावर बॉडी सोडली. चॅसी खाली होती तोवर तिने सगळं ताठ धरलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. म्हणाले, "एक दरवाजा लावून बघा हो, मला जरा बरं वाटेल." उजवा लावला, बसला. डावा बिजागरीत गेला, पण बंद होताना वरचा कोपरा मागच्या खांबावर आपटला. वर फट नावाला, खाली बोट जाईल एवढी. मी म्हटलं, बिजागरी सैल असेल. बिजागरीखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या, काढल्या, परत घातल्या. तासभर गेला. मास्तर काही बोलत नव्हते, आणि मला तेच टोचत होतं.

शेजारच्या मेस्ताला चहाला हाक मारली होती. लाकूडकाम करणारा माणूस, गाडीतलं त्याला काही कळत नाही असं तोच सांगतो. त्याने चहा बाजूला ठेवला, बांबूची एक काठी घेतली, उजव्या दरवाजाच्या चौकटीत खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली आणि कोयत्याने नेमकी तोडली. मग तीच काठी डावीकडे लावली. बसेना. बोटाच्या जाडीएवढी उरली.

"बाब, हांगा कितें तरी चुकलां," तो म्हणाला. मग खाली वाकून चॅनेलकडे पाहत, "मधें आधार ना मरे."

दोन्ही टोकांना टेकलेली बॉडी मधून खाली बसली होती आणि दोन्ही खांब वरून एकमेकांकडे झुकले होते. दरवाजाचा दोष काहीच नव्हता.

मग काय करायचं ते उलट क्रमाने केलं, जे सरळ क्रमाने आधी करायचं होतं. चॅनेलखाली लांबलचक जाड तुळई सरकवली, तिच्या मध्याखाली बाटली जॅक. थोडं थोडं वर घ्यायचं, थांबायचं, काठी लावून बघायची. घाई केली तर छप्पर कुठे दुमडेल कळणार नाही. तेवढ्यात वीज गेली. मोबाईलच्या उजेडात पुढचा अर्धा तास तोच खेळ: जॅकचा एक दाब, काठी, अजून एक दाब, काठी. शेवटी काठी दोन्ही कोपऱ्यांना टेकून उभी राहिली.

वीज आल्यावर चौकोनी पाइप कापले आणि दोन्ही चौकटींत खांबापासून खांबापर्यंत आडवे, एकेक तिरका, आणि मध्ये डावी-उजवीकडे जोडणारा एक असे वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्के केले. हे टाके बॉडी चॅसीवर असतानाच घालायला हवे होते. मास्तरांना तसं सांगूनही टाकलं, लपवून काय करणार.

चॅसीचा पत्रा बदलून झाल्यावर बॉडी परत वर बसवून बोल्ट आवळले, आणि चॅनेल त्यानंतरच कापली. पाइप शेवटपर्यंत काढले नाहीत. तुकडा बदलण्याआधी आणि बदलल्यावर काठी लावायचो.

मेस्त आठवड्याने ती काठी मागायला आला, खिडकीच्या कामाला हवी म्हणून. मी दुसरा बांबू दिला.